शिंगाचा आवाज, आतला आवाज: रोश हशाना आणि योम किप्पूरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यू नववर्षाचा विषय मराठीत निघाला की प्रश्न साधारण ठरलेले असतात. शिंग कशाला फुंकतात, उपास किती कडक असतो, आणि ‘आतला आवाज ऐका’ या हल्ली सगळीकडून मिळणाऱ्या सल्ल्याशी या सणांचा काय संबंध? उत्तरं खाली आहेत. काही दोन ओळींत आटोपली, काही लांबली. लांबली तिथे विषयच तसा आहे.

हे सण कधी असतात?

ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याचे पहिले दोन दिवस रोश हशाना, म्हणजे नववर्ष. त्याच महिन्याचा दहावा दिवस योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस. या दहा दिवसांत माणसानं स्वतःचा हिशेब तपासायचा असतो. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. त्यामुळे २०२६ साली रोश हशाना ११ सप्टेंबरच्या संध्याकाळी लागतो आणि १३ सप्टेंबरच्या रात्री संपतो, वर्ष ५७८७. योम किप्पूर २० सप्टेंबरच्या संध्याकाळपासून २१च्या रात्रीपर्यंत.

तारखा दरवर्षी सरकतात, पण फार लांब जात नाहीत. आपल्यासारखंच तेही पंचांग चांद्र-सौर आहे, अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ राखणारं. म्हणून हे नववर्ष आपल्या भाद्रपद-आश्विनाच्या आसपास, अमावास्या सरता सरता येतं. २०२६मध्ये तर रोश हशाना संपतो त्याच्या दुसऱ्याच दिवशी घरोघरी गणपती बसतील.

शोफार म्हणजे काय?

मेंढ्याचं शिंग. टोक कापून भोक पाडलेलं, बाकी काही नाही. सुरांसाठी छिद्रं नाहीत, पट्ट्या नाहीत. बायबलमधल्या अब्राहामाचा मुलगा इसहाक, त्याच्या जागी बळी गेलेल्या मेंढ्याची ती आठवण. मिश्ना हा ज्यू कायद्याचा इ.स. २००च्या सुमाराचा संग्रह. त्यानुसार गायीचं शिंग या कामाला चालत नाही. शिंग वाकडं असावं असं एक मत तल्मूदमध्ये, म्हणजे मिश्नेवरच्या चर्चांच्या मोठ्या ग्रंथात, आहे. कारणही दिलंय: या दिवशी माणूस आपलं मन जितकं वाकवील तितकं बरं.

पण खरी गंमत पुढे आहे. रोश हशानाची मुख्य आज्ञा शोफार फुंकण्याची आहे असं बहुतेकांना वाटतं. फुंकण्याआधी जे आशीर्वचन म्हणतात त्यात मात्र ‘शोफारचा आवाज ऐकण्याची’ आज्ञा, असे शब्द आहेत. फुंकणारा एकच असतो, ऐकण्याची जबाबदारी सगळ्यांची. आणि नुसतं कानावर पडून भागत नाही. मिश्नेत उदाहरण आहे: एक माणूस सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराच्या, मागच्या बाजूनं चाललाय, किंवा त्याचं घरच शेजारी आहे, आणि शोफार त्याच्या कानावर पडला. त्यानं मन लावलं असेल तर कर्तव्य झालं. नसेल लावलं तर झालं नाही. दोघांनी एकच आवाज ऐकलेला असतो.

बाराव्या शतकातल्या मैमोनिदीस या ज्यू विद्वानानं या आवाजाचा मथितार्थ सांगितला तो असा: झोपलेल्यांनो, उठा, आपली कृत्यं तपासा. गजराच्या घड्याळाचं काम, म्हणा. फरक एवढाच की हा गजर दुसऱ्याच्या हातात असतो आणि तो बंद करण्याची कळ आपल्यापाशी नसते.

शोफारचे वेगवेगळे आवाज असतात म्हणे. त्यांचा अर्थ काय?

तीन प्रकार आहेत. ‘तकिया’ म्हणजे एक लांब, सलग आवाज. ‘शवारीम’ म्हणजे तीन तुटक आवाज, कण्हल्यासारखे. ‘तरुआ’ म्हणजे नऊ किंवा जास्त अगदी छोटे ठोके, हुंदक्यांसारखे. बहुतेक सिनेगॉगांत दिवसाला शंभर आवाज फुंकण्याची प्रथा आहे.

हे तीन प्रकार आले कुठून, ती कथा मला या सगळ्या सणातला सर्वांत मोलाचा भाग वाटते. तोरामध्ये, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत, फक्त ‘तरुआ’ हा शब्द आहे. तो आवाज नेमका कसा काढायचा हे लिहिलेलं नाही. काही शतकं गेल्यावर शंका निघाली: हा कण्हण्याचा आवाज की रडण्याचा? सीझेरिया गावच्या रब्बी (धर्मगुरू) अबाहूनं निकाल दिला की दोन्ही करा, आणि दोन्ही एकत्रही करा. शंका सोडवली नाही, शंकेसकट फुंकायची पद्धत घालून दिली. आजही जगभर तसंच फुंकतात.

आता त्या शंकेच्या मुळाशी काय होतं ते पाहा. ‘तरुआ’चा अर्थ लावताना तल्मूदमधले विद्वान एका रडण्याचा दाखला घेतात, आणि ते रडणं कुणाचं, तर सीसराच्या आईचं. सीसरा हा इस्राएलांवर चाल करून आलेला कनानी सेनापती. तो मारला गेलाय हे तिला अजून ठाऊक नाही. ती खिडकीतून वाट बघत रडतेय, रथ यायला उशीर का होतोय म्हणून. बायबलमधल्या शास्त्यांच्या पुस्तकात दबोराच्या विजयगीतात हे येतं, तेही काहीशा विजयी टोमण्याच्या सुरात. आणि पुढे त्याच लोकांनी आपल्या सर्वांत पवित्र आवाजाचं माप ठरवताना शत्रूच्या आईचा हुंदका घेतला. आतला आवाज म्हणजे फक्त ‘मला काय हवंय’ एवढंच, असं ज्यांना वाटतं त्यांनी इथे जरा थांबावं.

पण यात ‘आतला आवाज’ कुठे आला? हा तर चांगला मोठा बाहेरचा आवाज आहे.

या दिवसांत म्हटल्या जाणाऱ्या एका जुन्या प्रार्थनेत दोन्ही आवाज एकाच ओळीत येतात: मोठा शोफार फुंकला जातो, आणि सूक्ष्म, निःशब्दसा आवाज ऐकू येतो. ही प्रार्थना विशेषतः युरोपीय ज्यूंच्या परंपरेत फार महत्त्वाची आहे. त्या सूक्ष्म आवाजाची मूळ गोष्ट बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात आहे. संदेष्टा एलिया जीव वाचवत पळतोय. थकलाय, मरण मागतोय. होरेब डोंगराच्या गुहेत तो शिरतो. आधी पर्वत फोडणारा वारा येतो. देव वाऱ्यात नसतो. मग भूकंप, देव त्यातही नसतो. मग आग, तिथेही नाही. आगीनंतर एक बारीक, शांत आवाज येतो. तो ऐकून एलिया अंगरख्यानं तोंड झाकतो आणि गुहेच्या तोंडाशी येऊन उभा राहतो.

एक तपशील सहसा सुटतो. तो आवाज एलियाला शाबासकी देत नाही, समजूतही काढत नाही. विचारतो, ‘तू इथे काय करतोयस?’ हाच प्रश्न वादळाआधीही विचारून झालेला असतो. एलिया दोन्ही वेळा शब्दशः तेच उत्तर देतो: मी एकटाच उरलोय, माझ्या जिवावर उठलेत. यावर त्याला पुढची कामं सांगून परत पाठवलं जातं, आणि जाता जाता कळतं की तो एकटा नाहीच, सात हजार जण शिल्लक आहेत.

मराठी वाचकाला हा एलिया तसा परका नाही. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, त्याला एलियाहू हन्नाबी म्हणतात. शुभकार्यात, नवस फेडताना त्याच्या नावानं मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर, सुका मेवा, सोबत फळं. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत अशी श्रद्धा आहे. मलिद्याच्या ताटापुढे बसणाऱ्या प्रत्येकाला होरेबची गोष्ट आठवत असेल असं नाही, पण माणूस तोच.

मनात येतं तो आतलाच आवाज कशावरून? मनाचे खेळ कशावरून नाहीत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि रास्त आहे. याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला मिश्नेच्या एका रुक्ष वाटणाऱ्या नियमात सापडलं. कुणी विहिरीत, तळघरात किंवा मोठ्या रांजणात शोफार फुंकला तर? नियम असा: शोफारचा आवाज ऐकला असेल तर कर्तव्य झालं, प्रतिध्वनी ऐकला असेल तर नाही. त्यावर तल्मूद आणखी बारकावा घालतो. विहिरीच्या आत उभ्या असलेल्यांना खरा आवाजच ऐकू येतो. काठावर उभं राहून ऐकणाऱ्याला कदाचित फक्त प्रतिध्वनी मिळत असेल.

मनाबाबतीतही मला हेच पटतं. काठावरून आत डोकावत ‘मला काय वाटतं’ विचारलं की बहुतेक वेळा आपणच आधी टाकलेलं वाक्य परत येतं, थोडं घुमून, थोडं भारदस्त होऊन. नोकरी सोडायचीच ठरलेली असते, मग ‘आतून आवाज आला’. नातेवाइकाशी बोलायचं नसतंच, मग ‘मनःशांतीसाठी अंतर ठेवलं’. खरा आवाज ओळखायची हमखास कसोटी कुणाकडे नाही. मी स्वतः वापरतो ती अशी: जो आवाज मला काही किंमत मोजायला लावत नाही आणि दुसऱ्याला लावतो, त्याच्याकडे मी संशयानं बघतो. ही माझी कसोटी, परंपरेची नव्हे.

परंपरेचं म्हणणं असं की माणसाच्या आत दोन ओढी असतात, चांगली आणि वाईट, आणि दोघी बोलतात. वाईट ओढ ओरडत येते असं नाही. पुष्कळदा ती अत्यंत समंजस सुरात बोलते.

म्हणजे तुकोबांचं ‘मन केले ग्वाही’ तेच ना?

जवळचं वाटतं खरं. तुकोबा म्हणतात, ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता ।’ मन साक्षीला, बहुमत बाजूला. तल्मूदमध्ये मात्र याच पेचाची एक प्रसिद्ध गोष्ट आहे आणि ती अगदी उलट दिशेला जाते.

एका भट्टीच्या शुद्धतेवरून वाद चाललाय. रब्बी एलियेझर एका बाजूला, बाकी सगळे दुसऱ्या. एलियेझर म्हणतो, माझं बरोबर असेल तर हे झाड साक्ष देईल. झाड जागचं उपटून दूर जाऊन पडतं. बाकीचे म्हणतात, झाडावरून कायदा ठरत नाही. ओढा उलटा वाहतो, भिंती झुकतात. कुणी बधत नाही. शेवटी आकाशातून आवाज येतो की एलियेझरचंच बरोबर आहे. तेव्हा रब्बी यहोशुआ उभा राहून तोराचंच वाक्य सुनावतो: ‘ती आकाशात नाही.’ तोरा माणसांच्या हाती दिली आहे, निर्णय बहुमतानं होईल. साक्षात आकाशवाणीही मतमोजणीत हरते.

गोष्ट सहसा इथे थांबवतात, कारण इथे ती फार झोकदार वाटते. पुढचा भाग जड आहे. जिंकलेले लोक एलियेझरला बहिष्कृत करतात. त्याच्या दुखावलेल्या मनाचा दाह जगाला बसतो, पिकं होरपळतात. त्याची बायको इम्मा शालोम ही बहिष्कार घालणाऱ्यांच्या प्रमुखाचीच बहीण. नवऱ्यानं आपलं दुःख प्रार्थनेत देवापुढे ओतू नये म्हणून ती रोज राखण करते. एके दिवशी नजर चुकते, नवरा प्रार्थनेत दुःख ओततो आणि तिचा भाऊ मरण पावतो. बातमी येण्याआधीच ती हे ओळखते; तुला कसं कळलं, असं नवऱ्यानं विचारल्यावर ती घराण्यात ऐकलेलं वचन सांगते: सगळी दारं बंद होतात, दुखावलेल्याच्या हाकेचं दार बंद होत नाही.

तर तुकोबांच्या ओळीशी याचा मेळ बसतो का? मला वाटतं, पुरता नाही, आणि ओढूनताणून बसवूही नये. तुकोबा एकट्या माणसाच्या सत्याबद्दल बोलतायत. तल्मूदला एकत्र राहणाऱ्या लोकांची व्यवस्था चालवायची आहे. पण एकट्याचा आवाज बाजूला सारला तर त्याची किंमत कुणीतरी मोजतं, हे तल्मूदनं लपवलेलं नाही.

मग माणसाच्या आतल्या आवाजाला कायद्यात काहीच मान नाही?

एका ठिकाणी आहे, आणि तो पूर्ण आहे. योम किप्पूरचा उपास ज्यू वर्षातला सगळ्यात कडक. साधारण पंचवीस तास अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. आपल्याकडच्या साबुदाणा खिचडीच्या उपासाशी त्याची तुलना करू नये. निर्जळी एकादशी धरणाऱ्यांना कल्पना येईल.

आता समजा कुणी आजारी आहे. तो म्हणतो, मला खायला हवं. वैद्य म्हणतात, गरज नाही. कुणाचं ऐकायचं? तल्मूद सांगतो, रुग्णाचं. आधार म्हणून बायबलच्या नीतिसूत्रांतलं वचन देतो: हृदयाला स्वतःचा कडवटपणा ठाऊक असतो. शंभर वैद्य एका बाजूला असले तरी रुग्णाचाच शब्द मानायचा. उलट प्रसंगी, म्हणजे वैद्य म्हणतात खा आणि रुग्ण म्हणतो नको, तेव्हा वैद्याचं ऐकायचं.

नियम कुठे झुकतो ते लक्षात घ्या. ‘मी सहन करू शकतो’ म्हणणाऱ्या आतल्या आवाजावर विश्वास नाही. ‘मला सहन होत नाही’ म्हणणाऱ्यावर आहे, तोही वर्षातल्या सर्वांत पवित्र दिवशी, पुरावा न मागता. आपल्या घरांतून, विशेषतः बायकांच्या बाबतीत, नेमकं उलट चालतं. ‘मी करेन हो उपास, मला काही होत नाही’ याचं कौतुक होतं, आणि ‘मला झेपत नाही’ म्हणणारीला ऐकून घ्यावं लागतं.

मधुमेही, गरोदर, नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया, नियमित औषधं घेणारे यांनी कुठलाही निर्जळी उपास धरण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. जीव वाचवणं उपासाच्या वर आहे, याबद्दल ज्यू कायद्यात वाद नाही.

आतला आवाज ऐकायला मौन पाळावं लागतं का? विपश्यनेसारखं?

या परंपरेत नाही. इथे तोंड उघडावं लागतं. रोश हशानाच्या पहिल्या दिवशी हन्नाची गोष्ट वाचतात. मूल नाही म्हणून ती मंदिरात रडत प्रार्थना करते. ओठ हलतात, आवाज फुटत नाही. एली नावाच्या पुरोहिताला वाटतं ही दारू पिऊन आलीय, आणि तो तिला झापतो. पुढे रब्बींनी प्रार्थना कशी करावी याचा धडा याच बाईकडून घेतला. शब्द ओठांनी उच्चारायचे, इतक्या हळू की शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये, पण आपल्या कानाला जावेत. नुसतं मनात म्हणणं पुरेसं नाही.

त्याच दिवशी हागारची गोष्टही वाचतात. अब्राहामाच्या घरातून हाकललेली दासी, रानात पाणी संपलेलं. ती मुलाला झुडपाखाली ठेवते आणि त्याचं मरण बघवत नाही म्हणून लांब जाऊन बसते. रडते ती आई. पण मजकूर म्हणतो, देवानं मुलाचा आवाज ऐकला, ‘तो जिथे आहे तिथून’. मुलानं काही म्हटल्याचं तर कुठे लिहिलेलंच नाही. दुसऱ्या दिवशी यिर्मयाच्या पुस्तकातली राहेल येते, मुलांसाठी रडणारी, कुणाचं सांत्वन न मानणारी. हे वाचन कुणी मुद्दाम असं जुळवलं असेल का यावर अभ्यासक बोलत बसोत. ऐकणाऱ्याला एवढं जाणवतं की नववर्षाच्या दिवशी राजांचे विजय वाचत नाहीत; ज्यांचा आवाज कुणाच्या कानावर जात नव्हता त्यांच्या गोष्टी वाचतात.

मोठ्यानं बोलण्याची सगळ्यात टोकाची पद्धत ब्रेस्लोवच्या रब्बी नाखमनची (१७७२–१८१०). रोज तासभर एकट्यानं, जमलं तर शेतात किंवा रानात, देवाशी बोलायचं. आणि ते पोथीतल्या हिब्रूत नाही, घरी बोलतो त्या भाषेत. काही सुचलं नाही तर ‘काही सुचत नाही’ हेच म्हणत राहायचं. युक्रेनमधल्या उमान इथे त्याची कबर आहे, आणि रोश हशानाला तिथे अनुयायांची जत्रा भरते.

माफी मागायची असते ना? सगळ्यांना व्हॉट्सॲपवर एकच मेसेज पाठवला तर चालेल?

‘वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा असावी’ हा फॉरवर्ड इस्राएलमध्येही फिरतो. आपल्याकडे पर्युषणानंतर ‘मिच्छामि दुक्कडम्’चे फिरतात तसाच. वाईट काही नाही त्यात, पण त्यानं काम होत नाही.

मिश्नेचा नियम स्पष्ट आहे: देव आणि माणूस यांच्यातल्या चुका योम किप्पूर धुऊन काढतो, माणसामाणसांतल्या चुका, समोरच्याचं समाधान केल्याशिवाय धुतल्या जात नाहीत. पैसे बुडवले असतील तर आधी परत करायचे. मग जाऊन नीट, नाव घेऊन, काय केलं ते सांगून माफी मागायची. समोरचा नाही म्हणाला तर पुन्हा जायचं, तीन वेळेपर्यंत, सोबत माणसं घेऊन. त्यानंतरही त्यानं दार उघडलं नाही तर ओझं त्याच्यावर. ‘आधी पाप करू, मग योम किप्पूरला माफी मिळवू’ असा हिशेब करणाऱ्यालाही मिश्नेनं आधीच बजावलंय की त्याला माफी नाही.

म्हणजे आतला आवाज ऐकण्याची परीक्षा शेवटी कुणाच्या तरी दारात होते. बेल वाजवायच्या आधी पोटात जो गोळा येतो, तो कुठल्याही ध्यानशिबिरात मिळत नाही.

आतून स्पष्ट कळतं काय करायला हवं, पण करवत नाही. यावर काही आहे?

योम किप्पूरच्या दुपारी बायबलमधल्या योना या संदेष्ट्याचं पुस्तक वाचतात. त्याला देवाचा आवाज अगदी स्वच्छ ऐकू आला होता: निनवे शहराला जा. तो उठला आणि याफोच्या बंदरातून बरोब्बर उलट्या दिशेच्या जहाजात भाडं भरून बसला. वादळ आलं तेव्हा सगळे खलाशी आपापल्या देवांचा धावा करत होते आणि हा तळाशी गाढ झोपला होता. कप्तानानं येऊन त्याला उठवलं. पुढे समुद्र, मासा, किनारा. मग तिसऱ्या अध्यायात तोच आवाज ‘दुसऱ्यांदा’ येतो, जवळपास त्याच शब्दांत. मधल्या पळापळीबद्दल एक अक्षर नाही.

योना जातो, पण मन काही बदललेलं नसतं. निनवे सुधारते आणि तो रागावतो. सावली देणारा वेल वाळतो, त्याचं त्याला वाईट वाटतं. पुस्तक देवाच्या प्रश्नावर संपतं: एका वेलाची तुला एवढी दया येते, तर जिथे १,२०,०००हून जास्त माणसं आहेत ज्यांना डावं-उजवं कळत नाही, आणि पुष्कळ गुरंही, त्या शहराची मला येऊ नये? योनाचं उत्तर नोंदवलेलं नाही. ज्यांना करवत नाही त्यांना माझं एवढंच सांगणं: अनिच्छेनं, चिडून, उशिरा केलेलंही निनवेच्या कामी आलं.

मी ज्यू नाही. मला यातलं काही करता येईल?

शोफार विकत आणून गच्चीवर फुंकू नका, एवढं पाळलं तर बाकी पुष्कळ आहे. स्वतःचा हिशेब मांडण्याची पद्धत तर आधीच इकडून तिकडे गेलेली आहे. मेनाखेम मेंडेल लेफिन यांनी १८०८ साली ‘हेशबोन हनेफेश’ (आत्म्याचा हिशेब) हे हिब्रू पुस्तक काढलं. त्यातली रीत त्यांनी अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनकडून उचलली होती. तेरा गुण निवडायचे: धीर, नीटनेटकेपणा, नम्रता, सत्य, मोजकं बोलणं असे. एका आठवड्यात एकाकडेच लक्ष द्यायचं, रोज रात्री वहीत खूण करायची. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार. पुढे लिथुआनियातल्या रब्बी इस्राएल सलांतर यांच्या चळवळीनं हे पुस्तक उचलून धरलं.

तेरा जास्त वाटत असतील तर एकच घ्या. आणि वही कागदाचीच घ्या. फोनवर हिशेब मांडायला बसलं की दोन मिनिटांत आपण दुसऱ्याचा हिशेब बघत असतो.

२०२६मध्ये पहिल्या दिवशी शोफार वाजणार नाही असं ऐकलं. का?

पहिला दिवस, १२ सप्टेंबर, शनिवार आहे. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, सार्वजनिक जागेतून वस्तू वाहून न्यायला मनाई असते. कुणी शिंग घेऊन शिकायला म्हणून जाणकाराकडे निघेल या भीतीनं रब्बींनी त्या दिवशी फुंकणंच बंद ठेवलं. सनातनी सिनेगॉगांत शोफार रविवारी ऐकायला मिळेल.

कानात खरोखर आवाज ऐकू येत असतील तर?

तर हे पान बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. वर जो आतला आवाज म्हटलाय तो विचारासारखा असतो, आपला आहे हे आपल्याला कळतं. बाहेर कुणी नसताना बोलणं ऐकू येणं, कुणी आज्ञा देतंय असं वाटणं, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगणारा आवाज येणं ही आजाराची लक्षणं असू शकतात, आणि त्यावर उपचार आहेत. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते. देवधर्म करून बघू म्हणत महिने घालवू नका.

महाराष्ट्रात हे सण कुठे साजरे होतात? बघायला जाता येईल का?

बेने इस्राएल समाज शतकानुशतकं कोकणात राहिला, तेल गाळण्याचा धंदा करत. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. हे सण त्यांनी मराठी नावांनी जपले: रोश हशाना हा नव्याचा सण, योम किप्पूर हा दारं बंद करण्याचा. त्या दिवशी घराची दारं लावून घ्यायची, बाहेरच्या कुणाशी संपर्क ठेवायचा नाही. हिब्रू प्रार्थनांची रीत पुढे कोचीनच्या ज्यूंकडून आलेल्या शिक्षकांमुळे रुजली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तर त्यांनी बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं रचली. आज समाजातले बहुसंख्य लोक इस्राएलमध्ये आहेत.

मुंबईत मांडवीचं शार हारहमीम (१७९६) हे सर्वांत जुनं सिनेगॉग. फोर्टमध्ये केनेसेथ एलियाहू, भायखळ्यात मागेन डेव्हिड ही बगदादी ज्यूंची. ठाण्यात शार हशामाइम, अलिबागला मागेन अबोथ, पुण्यात कॅम्पातलं ओहेल डेव्हिड, म्हणजे सगळ्यांचं लाल देऊळ, आणि रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो.

सणाच्या दिवशी सहज डोकावू म्हणून जाऊ नका. २००८ साली कुलाब्याच्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर हल्ला झाल्यापासून सुरक्षा कडक आहे; ओळखपत्र लागतं आणि पुष्कळ ठिकाणी आधी परवानगी काढावी लागते. ओळखीच्या कुटुंबाबरोबर जाणं सगळ्यात बरं. पुरुषांनी डोकं झाकायचं, फोन घरी किंवा बंद ठेवायचा, फोटो अजिबात नाहीत. शोफार सुरू झाल्यावर शेजाऱ्याशी कुजबुजू नका. पहिल्या फुंकीपासून शेवटच्या फुंकीपर्यंत मध्ये बोलायचं नसतं, आणि ज्यांना ऐकायचंय त्यांचा त्यात खोळंबा होतो.